मेयो, क्लीव्हलँड की कायझर : मोठ्या ना-नफा रुग्णालय-समूहात नोकरी निवडताना

अमेरिकेतील मोठ्या ना-नफा रुग्णालय-समूहात नोकरी पत्करण्याचा विचार करणाऱ्या डॉक्टरसमोर, परिचारिकेसमोर किंवा आरोग्य-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या व्यक्तीसमोर तीन नावे हमखास येतात : मेयो क्लिनिक, क्लीव्हलँड क्लिनिक आणि कायझर पर्मनेंटे. तिन्ही ठिकाणी डॉक्टर मुख्यतः पगारावर काम करतात आणि तिन्ही संस्था भरतीच्या मजकुरात रुग्णसेवा, सहकार्य व संशोधन हेच शब्द वापरतात, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. माझ्या मते तो फरक कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे संस्थेकडे पैसा कोणत्या वाटेने येतो हे पाहणे. पैसा केलेल्या उपचारामागे मिळतो की नोंदलेल्या सभासदामागे, यावर तेथील कामाचा दिवस कसा जाईल आणि नवी कल्पना कोणत्या कोपऱ्यात रुजेल हे बऱ्याच अंशी ठरते.

‘ना-नफा’ या बिरुदातून काय मिळते

अमेरिकेच्या करकायद्यातील कलम ५०१(सी)(३) खाली नोंदलेल्या संस्थेला शिल्लक रक्कम मालकांत किंवा भागधारकांत वाटता येत नाही. ती शिल्लक राहतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. ती इमारती, यंत्रे, संशोधन आणि पगार यांत जाते. अशा संस्थेला दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यात संस्थेचे उत्पन्न व खर्च यांबरोबर वरिष्ठ अधिकाऱ्यांचे आणि सर्वाधिक पगार घेणाऱ्यांचे आकडेही असतात. मुलाखतीला जाण्यापूर्वी लागोपाठच्या काही वर्षांचे हे फॉर्म वाचावेत, कारण संस्थेचा पैसा खरोखर कोठे जातो हे त्यांतून माहितीपत्रकापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते.

शैक्षणिक कर्ज असलेल्यांसाठी या बिरुदाला थेट आर्थिक किंमत आहे. २००७ साली सुरू झालेल्या संघराज्य सरकारच्या योजनेत पात्र संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० हप्ते भरल्यास उरलेले संघराज्य कर्ज माफ होते. कायझरच्या बाबतीत मात्र येथे एक गुंता आहे. कायझरची विमा योजना आणि रुग्णालये ना-नफा आहेत, परंतु डॉक्टर ज्या पर्मनेंटे वैद्यकीय गटांत काम करतात ते गट स्वतंत्र आणि नफा मिळवणारे आहेत. परिचारिकेला जी सवलत सरळ मिळते ती डॉक्टरला पूर्वी मिळत नसे. रुग्णालयांनी डॉक्टरांना थेट नोकरीवर ठेवण्यास राज्याचा कायदा आड येतो अशा कॅलिफोर्निया व टेक्सास या राज्यांतील डॉक्टरांना जुलै २०२३ पासून ही वाट मोकळी झाली. इतर राज्यांतील कायझरच्या डॉक्टरांनी ती गृहीत धरू नये. व्हिसाच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी : एच-१बी व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सूट मिळण्यासाठी रुग्णालय ना-नफा असणे पुरेसे नसते, त्याची उच्च शिक्षणसंस्थेशी संलग्नता दाखवावी लागते.

मेयो : समितीची चाल आणि एकत्र विचार

मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे १८८९ साली फ्रान्सिस्कन भगिनींनी सेंट मेरीज रुग्णालय उघडले आणि डॉ. विल्यम वॉरल मेयो व त्यांचे दोन पुत्र तेथे शस्त्रक्रिया करू लागले. आजही येथील कामाचा गाभा तोच आहे : दुरून आलेला, बहुधा इतरत्र निदान न झालेला रुग्ण, आणि त्याच्याभोवती थोड्या दिवसांत जमणारे अनेक शाखांचे डॉक्टर. सुरुवातीच्या काही वर्षांच्या पायऱ्या चढल्यानंतर एकाच शाखेतील डॉक्टरांचा पगार सारखा होतो. त्यामुळे अवघड रुग्णाबद्दल सहकाऱ्याला फोन करण्यात कोणाचे आर्थिक नुकसान होत नाही. ज्याने प्रत्येक तपासणीचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेत काम केले आहे, त्याला या एका गोष्टीचे मोल चटकन कळेल.

येथील नवनिर्मितीही याच गरजेतून आली. हेन्री प्लमर यांनी १९०७ साली एका रुग्णाची सारी माहिती एकाच ठिकाणी ठेवणारी नोंदपद्धत सुरू केली, ती मुळात अनेक डॉक्टरांनी एकाच रुग्णावर एकत्र विचार करावा म्हणून. कॉर्टिझोन या सूज कमी करणाऱ्या संप्रेरकावरील कामासाठी १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या तिघांपैकी एडवर्ड केंडॉल आणि फिलिप हेंच हे दोघे मेयोचे होते. एक रसायनशास्त्रज्ञ आणि दुसरा संधिवाताचा डॉक्टर एकाच गावात, एकाच संस्थेत रोज भेटू शकत होते. अलीकडे ओळख पुसलेल्या रुग्णनोंदींवर आधारित अल्गोरिदम तयार करण्यासाठी मेयो क्लिनिक प्लॅटफॉर्म हा विभाग उभा राहिला आहे, आणि डेटा-विज्ञानातील लोकांना येथे खरोखर मोलाचे काम आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मेयोचा कारभार समित्यांतून चालतो. एखादी कल्पना मान्य झाली की तिला सगळ्या संस्थेचे बळ मिळते, परंतु मान्य होईपर्यंत अधीर माणसाचा कस लागतो. रॉचेस्टर हे सुमारे १ लाख २० हजार वस्तीचे शहर असून तेथील बरेचसे अर्थजीवन याच रुग्णालयाभोवती फिरते, म्हणून जोडीदाराचे क्षेत्र वैद्यकाबाहेरचे असेल तर त्याच्या नोकरीचा प्रश्न आधी सोडवावा. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथील आणि ॲरिझोनातील शाखा अनुक्रमे १९८६ व १९८७ सालच्या आहेत. तेथे हा प्रश्न सौम्य होतो.

क्लीव्हलँड : वर्षाचा करार, वर्षाचा जाब

ओहायोतील क्लीव्हलँड क्लिनिकची स्थापना १९२१ साली चार डॉक्टरांनी केली. त्यांपैकी तिघांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात एकत्र काम केले होते, आणि गटाने काम करण्याची सवय तेथूनच आली. येथेही डॉक्टर पगारावर असतात, परंतु त्यांचा करार एका वर्षाचा असतो आणि दरवर्षी कामाचा सविस्तर आढावा घेऊनच तो पुढे चालू राहतो. मेयो आणि क्लीव्हलँड यांच्या स्वभावातील फरक मला येथे सर्वांत ठळक दिसतो. ज्याला आपल्या कामाचे मोजमाप हवे आहे, वरिष्ठांसमोर वर्षभराचा हिशेब मांडून पुढच्या वर्षासाठी मनुष्यबळ व साधने मागायची आहेत, त्याला ही पद्धत मोकळीक देते. ज्याचे संशोधन सावकाश फळ देणारे आहे, त्याला तोच आढावा जाचक वाटू शकतो.

हृदयरोगाच्या क्षेत्रात या संस्थेने जे दिले त्याला तोड नाही. मेसन सोन्स यांनी १९५८ साली हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे थेट चित्रण करण्याचे तंत्र येथे शोधले, आणि १९६७ साली रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपास शस्त्रक्रियेचा पाया घातला. ब्लॉकेज नेमके कोठे आहे हे दिसू लागल्यामुळेच त्याला वळसा घालणारी शस्त्रक्रिया आखता आली. दोन शोधांमधला हा धागा एकाच छताखाली विणला गेला. २००० साली शोधांचे पेटंट घेऊन ते बाजारात नेण्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला, पुढे शाखांऐवजी अवयव व आजार यांनुसार इन्स्टिट्यूट रचण्यात आल्या, आणि २०२३ साली आयबीएमचा क्वांटम संगणक संशोधनासाठी येथे बसवला गेला. अबू धाबीतील रुग्णालय २०१५ साली व लंडनमधील २०२२ साली सुरू झाले. उपकरण, शस्त्रक्रियेचे तंत्र किंवा नवी कंपनी हे ज्याचे स्वप्न आहे, त्याने तिघांपैकी क्लीव्हलँडचा विचार आधी करावा असे मी सांगेन.

कायझर : सभासदामागे पैसा

कायझरची गोष्ट मुळातच वेगळी आहे. १९३३ साली डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जलवाहिनीच्या कामगारांसाठी छोटे रुग्णालय काढले. उपचारानंतर पैसे मिळण्याची वाट पाहत ते दिवाळखोरीच्या काठावर आले, तेव्हा कामगारामागे दिवसाला ५ सेंट आगाऊ घेण्याची व्यवस्था ठरली. त्यानंतर अपघातग्रस्त रुग्ण येणे हे उत्पन्न उरले नाही, तो खर्च झाला. म्हणून गारफिल्ड कामाच्या जागेवरील धोके दूर करण्याकडे लक्ष देऊ लागले. उद्योगपती हेन्री कायझर यांच्या धरणाच्या आणि जहाजबांधणीच्या कामांवर ही पद्धत वाढली, १९४५ साली ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली, आणि आज सभासदांची संख्या १ कोटी २० लाखांहून अधिक आहे.

या एका बदलाचा परिणाम रोजच्या कामात किती खोल जातो, हे रुग्णांच्या संदेशांवरून समजते. क्लीव्हलँड क्लिनिकने नोव्हेंबर २०२२ पासून, उत्तर द्यायला डॉक्टरचा बराच वेळ घेणाऱ्या काही ऑनलाइन संदेशांसाठी विम्याकडे बिल पाठवायला सुरुवात केली. उपचारामागे पैसा मिळणाऱ्या व्यवस्थेत हे समजण्यासारखे आहे, कारण संदेशावर सुटलेला प्रश्न म्हणजे बुडालेली भेट, आणि तो वेळ कोणीतरी मोजायलाच हवा. कायझरमध्ये वर्गणी आधीच जमा झालेली असल्यामुळे संदेश, फोन वा व्हिडिओवर काम भागले तर संस्थेचा फायदाच होतो. मात्र हा फायदा डॉक्टरच्या इनबॉक्समधून वसूल होतो, हे फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनमध्ये जाणाऱ्याने डोळ्यांआड करू नये. तुमच्या नावावर किती सभासद असतील आणि संदेशांना उत्तरे देण्यासाठी वेळापत्रकात किती वेळ राखलेला आहे, हे दोन आकडे मिळाल्याखेरीज कायझरच्या पगाराची तुलना इतरांशी करताच येत नाही. २०२४ साली कायझरने डॉक्टर-रुग्ण संभाषणातून टिपणाचा मसुदा तयार करणारे एआय साधन आपल्या सर्व रुग्णालयांत व दवाखान्यांत उपलब्ध करून दिले. या ओझ्यावर काढलेला तो एक उपाय आहे.

कायझरमधील नवे काम बहुधा डोळ्यांत भरत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन लिअँड्रो येथे २००६ साली उघडलेल्या गारफिल्ड केंद्रात रुग्णालयाच्या खोल्या जशाच्या तशा उभारून परिचारिका, डॉक्टर व वास्तुरचनाकार नवी पद्धत प्रत्यक्ष वापरून पाहू लागले. शिफ्ट बदलताना हँडओव्हर रुग्णाच्या खाटेजवळ, त्याच्या समोर देणे, किंवा औषधे देत असताना परिचारिकेला कोणी मध्येच थांबवू नये याची व्यवस्था लावणे, हे कायझरमधील अशा कामाचे नमुने होत. एका शस्त्रक्रियेच्या शोधाइतकेच याचे मोल आहे असे मला मनापासून वाटते, कारण हजारो वॉर्डांत रोज घडणारी चूक अशाने टळते. वर्षानुवर्षे त्याच सभासदांच्या नोंदी हाती असल्याने संशोधनाचे प्रश्नही वेगळे होतात. व्हायॉक्स या वेदनाशामक औषधाने हृदयविकाराचा धोका वाढतो हे तपासताना अमेरिकी औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी कायझरच्या सुमारे १४ लाख सभासदांच्या नोंदी वापरल्या होत्या. मेयोकडेही १९६६ पासून रॉचेस्टर ज्यात येते त्या ओल्मस्टेड काउंटीतील रहिवाशांच्या नोंदी जोडणारा प्रकल्प आहे, पण कायझरचा आवाका त्याहून पुष्कळ मोठा आहे.

परिचारिकांच्या दृष्टीने तर कॅलिफोर्नियातील कायझरचे पारडे माझ्या मते स्पष्टपणे जड आहे. १९९९ साली संमत झालेल्या आणि २००४ पासून अमलात आलेल्या राज्याच्या कायद्यानुसार अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोनांपेक्षा अधिक आणि सर्वसाधारण मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाचांपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत. ओहायो व मिनेसोटात असे बंधन नाही. कामगार संघटनाही येथे बळकट आहेत : १९९७ साली व्यवस्थापन व संघटना यांच्यात भागीदारीचा करार झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांनी तीन दिवसांचा संप केल्यावर चार वर्षांत २१ टक्के वेतनवाढ मान्य झाली. तो संप मनुष्यबळाच्या तुटवड्यावरूनही झाला होता, हेही लक्षात घ्यावे. बलवान संघटना असली म्हणून वॉर्डात पुरेसे कर्मचारी असतातच असे नाही.

करारातील दोन कलमे

नोकरी सोडल्यावर जवळपास काम करण्यास मनाई करणारे कलम कॅलिफोर्नियात १८७२ पासून निरर्थक ठरते. मिनेसोटाने १ जुलै २०२३ पासून झालेल्या करारांत ते रद्द ठरवले. मात्र हे संरक्षण मेयोच्या फ्लोरिडातील नोकरीला लागू होईल असे समजू नये. ओहायोत न्यायालये वाजवी वाटणारे असे कलम मान्य करतात, म्हणून तेथे ते असल्यास अंतर आणि कालावधी सहीपूर्वीच ठरवून घ्यावा.

दुसरे कलम शोधाच्या मालकीचे. संघराज्य निधीतून झालेल्या संशोधनाची मालकी १९८० च्या बे-डोल कायद्यामुळे संस्थेला ठेवता येते आणि शोधकाला रॉयल्टीतील वाटा मिळतो. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनांनी केलेल्या शोधाला कॅलिफोर्निया व मिनेसोटाचे कायदे संरक्षण देतात, ओहायोत तसा कायदा नाही. पण जेथे हे संरक्षण आहे तेथेही संस्थेच्या व्यवसायाशी संबंधित शोध त्यातून वगळलेले आहेत, आणि रुग्णालयातील माणसाचा शोध बहुधा त्याच वर्गात मोडतो. घरी बसून लिहिलेले ॲप आपलेच आहे असे समजण्याऐवजी आधीपासून हाती असलेली कामे करारासोबतच्या यादीत नोंदवून घ्यावीत. संशोधनासाठी आठवड्यात किती वेळ राखीव असेल, आणि त्या वेळात तुमच्या ओपीडीतील रुग्ण कोण पाहील, हेही त्याच वेळी लेखी मागावे. मेयोत हा प्रश्न विभागप्रमुखाला, क्लीव्हलँडमध्ये इन्स्टिट्यूटच्या प्रमुखाला आणि कायझरमध्ये पर्मनेंटे गटाला विचारायचा असतो. तेथे रुग्णालयाच्या अधिकाऱ्याने दिलेले तोंडी आश्वासन डॉक्टरच्या उपयोगाचे नसते, कारण तो तुमचा मालक नसतो.