जाळीच्या लिफ्टला ऑटो दरवाजे: ठाण्यातल्या जुन्या सोसायटीचा अनुभव

आमची इमारत 1994 ची, तळमजला अधिक सहा मजले. लिफ्ट सहा माणसांची, 408 किलोची, जाळीच्या दरवाजाची. गेल्या दिवाळीनंतर जाळी काढून ऑटो दरवाजे, नवीन कंट्रोल पॅनेल आणि व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह (मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं उपकरण) बसवून घेतला. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून कामावर मीच लक्ष ठेवून होते. ज्यांच्याकडे अजून जाळी आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

पहिलं कोटेशन मध्यातून उघडणाऱ्या दरवाजांचं आलं. दिसायला झकास! पण त्याची पानं दोन्हीकडे सरकतात, म्हणजे मोकळ्या वाटेच्या जवळजवळ दुप्पट जागा शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली होते त्या उभ्या पोकळीत, हवी. आमच्याकडे वाट जेमतेम 550 मिलिमीटरची उरत होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची व्हीलचेअर 640 ची. "त्या अशा कितीदा खाली येणार?" असं ते कोटेशन देणारा माणूस मला तोंडावर म्हणाला. त्याला तिथेच चहा पाजून निरोप दिला. दुसऱ्या एजन्सीने एकाच बाजूला सरकणारे टेलिस्कोपिक दरवाजे सुचवले. त्यांना साधारण दीडपट जागा पुरते, त्यामुळे 700 मिलिमीटर वाट मिळाली. राष्ट्रीय इमारत संहितेत व्हीलचेअरसाठी 900 ची वाट आणि तेरा माणसांची केबिन सांगितली आहे. जुन्या शाफ्टमध्ये ते बसणं शक्यच नव्हतं. पण आज नवी इमारत उभी करणाऱ्याला ही सबब चालणार नाही.

नव्या ड्राइव्हमुळे सगळ्यात मोठा फरक लिफ्टच्या थांबण्यात पडला. आधी लिफ्ट मजल्याच्या इंचभर वर नाहीतर खाली थांबायची, खुर्चीची पुढची छोटी चाकं त्या कडेला अडकायची आणि दोघांना ती उचलावी लागायची. आता लिफ्ट सरळ मजल्याला येऊन लागते. काकू परवा एकट्या खाली भाजीला गेल्या.

दरवाजा किती वेळ उघडा राहतो, ते मात्र स्वतः बघून घ्या. आमचा बसवला तेव्हा भराभर बंद व्हायचा. संहितेप्रमाणे किमान 5 सेकंद हवेत, तेवढे लावून घेतले. वरच्या मजल्यांवरून कुरकुर झाली, पण मी ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. दारात अदृश्य किरणांचा पडदा आहे. मध्ये काठी धरली तरी पानं मागे जातात.

नवे दरवाजे जाळीपेक्षा जड असतात. केबिनचं वजन बदललं की काउंटरवेटही (केबिनचा तोल सांभाळणारं, दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन) जुळवावं लागतं, हे आम्हाला या एजन्सीच्या मिस्त्रींनी आपणहून सांगितलं. काम झाल्यावर वजनं ठेवून चाचणी घेतली, गव्हर्नर (वेग फार वाढला तर ते ओळखणारा) आणि सेफ्टी गिअरही (तेव्हा केबिन जागीच पकडून धरणारा) तपासून दाखवले. मेन स्विच बंद करून एआरडीची, म्हणजे वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणाऱ्या बॅटरीवरच्या यंत्रणेची, परीक्षा घेतली: लिफ्ट हळूहळू जवळच्या मजल्यावर आली आणि दार उघडलं. एआरडीच्या बॅटऱ्या बदलणं एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरलंय का, ते लेखी घ्या. आमच्या पहिल्या मसुद्यात ते नव्हतं.

कागदपत्रांचा ताप कमी झाला, हे या एजन्सीचं खरं श्रेय. महाराष्ट्रात 2017 च्या लिफ्ट कायद्यानुसार असे बदल करायला लिफ्ट निरीक्षकांची परवानगी लागते, आणि लिफ्टमधल्या माणसांसाठी विमाही काढावा लागतो. मालक म्हणून जबाबदारी सोसायटीची. एएमसीवाल्यावर ढकलून चालत नाही. नकाशे, अर्ज, तपासणीची तारीख, सगळं त्यांनी सांभाळलं.

उणीव एकच, पण मोठी. बटणांवर ब्रेल आहे, मात्र पॅनेल उभं असल्यामुळे पाचवा आणि सहावा मजला खुर्चीतून हाताला येत नाही. आडवं पॅनेल कोटेशनच्या वेळीच सुचवायला हवं होतं. मजल्यांची घोषणा इंग्रजीत होती, ती मागितल्यावर मराठीत करून दिली.

पाचपैकी चार तारे. आडव्या पॅनेलचे पैसे पुढच्या सभेत मंजूर करून घेणार आहे.