शाम्पू बार: केसांना पटला, खोक्याचं मात्र काही खरं नाही

पृथ्वी वाचवायला म्हणून मी हा शाम्पू बार (प्लास्टिकच्या बाटलीऐवजी खोक्यात मिळणारी शाम्पूची वडी) घेतलेला नाही. रूममेटचे केस तो लावायला लागल्यापासून फार छान दिसत होते, म्हणून घेतला. खोक्यावर कासव छापणाऱ्यांना वाटतं, आमच्या वयाची मुलं कासवाकडे बघून खरेदी करतात. कासव आवडतंच हो, पण केस आपले असतात!

फेस भरपूर येतो, डोकं स्वच्छ होतं, खाज नाही. लांब केसांना कंडिशनर मात्र लागतोच.

खरी गोम वेगळी आहे. ‘शाम्पू बार’ या एका नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे चक्क साबण, पीएच 9-10 च्या आसपास. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि केसांवर चिकट थर बसतो. दुसरा सिंडेट, म्हणजे बाटलीतल्या शाम्पूसारखेच घटक, फक्त पाणी काढून घेतलेलं. माझा हा दुसरा. पण ते कळलं कुठून? मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ (सिंडेटमधला फेस आणणारा घटक) लिहिलंय, त्यावरून. पुढे नुसतं ‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल-फ्री’. (पाणीसुद्धा केमिकलच, पण ते असो.) माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या एका कंपनीचा साबणवाला बार मिळाला. केसांची पार वाट लागली आणि आता ‘इको-फ्रेंडली’ म्हटलं की ती हात जोडते. तिला परत वळवायला शंभर कासवं लागतील.

मानसशास्त्राला आम्हाला आइसेक आयझेनचा 1991 चा सिद्धान्त होता: माणूस एखादी गोष्ट करायची ठरवतो ते त्याला ती पटते का, जवळच्यांना ती कशी वाटते आणि आपल्याला ती जमेल असं वाटतं का, यावर. पटण्याचं म्हणाल तर आमच्यात प्लास्टिकची बाटली कुणालाच नको असते. जवळच्यांचं काम रूममेटच्या केसांनी केलं. घोडं अडतं ते जमण्यापाशी. बार ओला राहिला की त्याचा लगदा होतो, आणि चौघींच्या बाथरूममध्ये कोरडी जागा कुठून आणायची? खालून पाणी निथळेल अशी जाळीची साबणदाणी हवीच. ती खोक्यातच दिली असती तर यांचे निम्मे रुसलेले ग्राहक टिकले असते, असं माझं मत. प्रवासात मात्र हा बार उत्तम, बॅगेत सांडण्याची भीती नाही.

कंपनीला एकच सांगणं: ‘साबण नाही, सिंडेट आहे’ हे पुढे मोठ्या अक्षरात छापा, कासव मागे गेलं तरी चालेल. पाचपैकी चार तारे. संपला की पुन्हा हाच घेणार, फक्त बिनवासाचा. गुलाबाचा वास अक्षरशः डोक्यात जातो.