मारामारी संपल्यावर काय बदललं? ॲक्शनपट निवडताना

‘कॅसिनो रोयाल’ (2006) मध्ये सुरुवातीलाच एक लांबलचक पाठलाग आहे. पुढे पळतोय तो बॉम्ब बनवणारा, मांजराच्या चपळाईचा माणूस. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत भिंतीच्या वर एक अरुंद फट दिसते, तो अंग चोरून सुळकन पलीकडे जातो. मागून आलेला जेम्स बाँड त्या फटीच्या वाटेला जात नाही. तो सरळ भिंतच फोडून आरपार निघतो.

दोन सेकंदांचं दृश्य, एकही संवाद नाही. तरी नवा बाँड कसा आहे ते कळतं: दणकट, हट्टी, आणि पुढचामागचा विचार न करणारा. पाठलागाचा शेवटही याच स्वभावातून येतो. तो परदेशी वकिलातीत घुसतो, चहूबाजूंनी बंदुका रोखलेल्या असताना निःशस्त्र माणसाला गोळी घालतो, आणि त्याची वरिष्ठ, एम, त्याला चांगलंच धारेवर धरते. पाठलाग संपतो तेव्हा आपण सुरुवातीला होतो तिथे नसतो.

आता दोनच वर्षांनी आलेला ‘क्वांटम ऑफ सोलेस’ (2008) लावा. तोच नट, तोच बाँड, गोष्टही आधीचा सिनेमा संपतो तिथूनच उचललेली. सुरुवातीला गाड्यांचा पाठलाग, मग छपरांवरून पाठलाग, पुढे बोटींचा, त्यापुढे विमानांचा. एकेक प्रसंग घेतला तर मेहनत जागोजागी दिसते. पण गाड्यांच्या पाठलागात कुठली गाडी कुणाची, कोण कुणाच्या किती जवळ आलंय, हे नीट दिसेपर्यंत कट झालेला असतो, म्हणजे दृश्य तोडून दुसरं आलेलं असतं. कानाला गोळ्या ऐकू येतात, डोळ्यांना पत्रा आणि धूळ दिसते, आणि जीव काही टांगणीला लागत नाही.

त्या सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग ऑपेराचा आहे. प्रेक्षकांत विखरून बसलेले कारस्थानी लोक कानातल्या यंत्रावरून एकमेकांशी बोलत असतात. बाँड ते चोरून ऐकतो आणि मध्येच स्वतः बोलतो. लगेच एकेक जण घाबरून उठून जायला लागतो, आणि उठला की त्याचा चेहरा बाँडच्या कॅमेऱ्यात येतो. त्या क्षणी कुणी कुणाला हात लावत नसतं, तरी आपण खुर्चीच्या कडेवर येतो, कारण कुणाला काय लपवायचंय आणि ते कसं उघडं पडतंय हे आपल्याला स्वच्छ दिसत असतं.

बाकीचा सिनेमा असा विस्कळीत का झाला, याचं एक कारण सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर 2007 ते फेब्रुवारी 2008 या काळात हॉलिवूडच्या पटकथालेखकांचा संप होता. पटकथा पक्की होण्याआधीच चित्रीकरणाची वेळ आली, आणि दिग्दर्शकासोबत आपणच काही प्रसंग लिहीत बसलो होतो, असं बाँड झालेल्या डॅनियल क्रेगने पुढे सांगितलंय. स्टंट करणारे, गाड्या चालवणारे, कॅमेरे धरणारे लोक कामावर होते, लेखक तेवढे नव्हते. पडद्यावर नेमकं तेच उतरलंय. बोलिव्हियाचं पाणी अडवून ते त्याच देशाला विकायचा खलनायकाचा डाव खरं तर जबरदस्त आहे, पण त्याच्यावर थांबायला कुणाला सवड मिळालेली नाही.

दोन्हींतला एकच बघणार असाल तर डोळे झाकून ‘कॅसिनो रोयाल’. 144 मिनिटांचा आहे, ‘क्वांटम’ 106 मिनिटांचा. तरी मला दुसराच लांबला असं वाटतं. ‘कॅसिनो’चा मोठा भाग तर पत्त्यांच्या टेबलाशी बसून जातो. पण तिथेही डावाच्या मध्यंतरात बाँडला जिन्यात दोन माणसांशी जिवानिशी झुंजावं लागतं, आणि सोबत असलेली त्याची सहकारी व्हेस्पर ते सगळं बघते. त्यानंतर तो रक्त धुतो, सदरा बदलतो आणि परत टेबलावर येऊन बसतो. व्हेस्परला मात्र ते झटकता येत नाही. डाव आटोपून तो खोलीवर येतो तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली असते. तो काहीही न समजावता तसाच तिच्या शेजारी जाऊन बसतो. जिन्यातली मारामारी कुठल्याही सिनेमात सापडेल. हा शॉवर सापडत नाही, आणि मारामारीला वजन येतं ते यानेच.

म्हणून कुठलाही ॲक्शनपट तोलताना मी एकच गोष्ट बघते: मारामारी संपल्यावर काय बदललं? एखादं नातं, एखादी माहिती, शरीरावरची एखादी जखम, काहीही चालेल. काहीच बदललेलं नसेल तर तो प्रसंग काढून टाकला तरी सिनेमाला फरक पडत नाही. आणि प्रसंग काढता येण्याजोगा आहे हे प्रेक्षकाला शब्दांत सांगता आलं नाही तरी जाणवतं. तो मोबाइल बघायला लागतो.

जखमेवरून दुसरी जोडी आठवते. ‘डाय हार्ड’ (1988) आणि त्याच मालिकेतला पाचवा, ‘अ गुड डे टु डाय हार्ड’ (2013). पहिल्यात विमानातला शेजारी नायकाला सुचवतो की प्रवासाचा शीण घालवायचा तर बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाच्या बोटांच्या मुठी वळायच्या. हा नायक, जॉन मॅक्लेन, खरंच तसं करायला बूट काढतो आणि नेमके त्याच वेळी बंदूकधारी इमारतीत शिरतात. पुढचा अख्खा सिनेमा तो अनवाणी. खलनायक हान्सच्या हे लक्षात येतं आणि तो साथीदाराला काचांवर गोळ्या झाडायला सांगतो. त्यानंतर मॅक्लेन न्हाणीघरात बसून तळपायातून काच उपसतो, आणि वॉकीटॉकीवर, ज्याचा चेहराही पाहिलेला नाही अशा पोलिसाला, बायकोसाठी माफीचा निरोप देतो. बूट, काच, रक्त, माफी: एकातून एक निघत गेलेलं आहे, मध्ये कुठे सांधा दिसत नाही. बायकोच्या मनगटावरचं, कंपनीने भेट दिलेलं घड्याळसुद्धा वाया जात नाही. शेवटी खिडकीबाहेर लोंबकळणारा हान्स तिचं तेच मनगट धरून असतो, आणि मॅक्लेन घड्याळाचा पट्टा सोडवतो.

पाचव्या भागातही काच भरपूर फुटते. बाप-लेक काच फोडून उंचावरून उड्या मारतात आणि खरचटल्यावर उठून चालू लागतात. मॉस्कोच्या रस्त्यांवर गाड्यांचा चुराडा होतो, शेवटी सगळे चेर्नोबिलला पोचतात. बापाला लेकाशी तुटलेलं नातं जोडायचंय हे आपल्याला सांगितलं जातं, पण त्यांच्या भांडणाचा उड्यांशी काही संबंध नाही. पहिला भाग 132 मिनिटांचा, हा 98 चा. हा बघण्याचं एकच कारण मला सापडतं: मालिकेतला एकही भाग सोडायचा नाही असं तुम्ही ठरवलंय.

हे वाचून कुणाला वाटेल की मला भव्यताच नको आहे. तसं अजिबात नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (2015) म्हणजे जवळपास अखंड पाठलाग आहे. दोन तासांत सुमारे 2,700 कट आहेत. तरीही काय चाललंय ते हरवत नाही, कारण प्रत्येक चौकटीत महत्त्वाची गोष्ट मधोमध ठेवली आहे. कट झाला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. आणि गोष्ट? ती गाडीतच आहे. सुरुवातीला मॅक्स आणि फ्युरिओसा एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. पुढे एका रात्री दूरवरून येणाऱ्या दिव्यावर मॅक्स नेम धरतो आणि चुकतो. शेवटची गोळी उरते. तो बंदूक तिच्या हातात देतो, ती नळी त्याच्या खांद्यावर टेकवते आणि त्याला श्वास रोखायला सांगते. विश्वास बसल्याचं कुणी बोलून दाखवत नाही. त्याची गरजही राहत नाही.

उलट बाजूला ‘टेकन 3’ (2014). त्यातलं लियाम नीसनचं कुंपण ओलांडणं सिनेमावाल्यांत कुप्रसिद्ध आहे. एक माणूस कुंपणावरून पलीकडे जातो, सहा-एक सेकंदांचं काम, आणि त्यात डझनाहून जास्त कट. कटांची संख्या ‘फ्युरी रोड’मध्येही अफाट आहे, त्यामुळे दोष वेगाला देता येत नाही. इथे कट काही दाखवण्यासाठी केलेले नाहीत, काहीतरी घडतंय असा भास व्हावा म्हणून केलेत.

‘शोले’ (1975) तर बहुतेकांना पाठ असेल. गावावरच्या हल्ल्यात ठाकूरच्या पायाशी बंदूक पडलेली असते, जय-वीरू अडचणीत असतात, आणि ठाकूर ती उचलत नाही. हल्ला परतवल्यावरही तो राग आपल्या मनात शिल्लक राहतो. मग शाल सरकते. गोळीबार बेताचाच, पण त्या न उचललेल्या बंदुकीने पुढच्या सगळ्या सुडाला आधार दिला.

तर निवड कशी करायची? मोठा पडदा, दणदणीत आवाज आणि सोबत मित्रांचा घोळका असेल तर देखाव्याचा सिनेमा खुशाल निवडा. तिथे भव्यता आपलं काम करते, आणि त्या आनंदात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. घरच्या टीव्हीवर, एकट्याने बघणार असाल तर मात्र गोष्टीचाच सिनेमा निवडा. लहान पडद्यावर स्फोट लहान होतो, ठाकूरची शाल तेवढीच राहते. ट्रेलरवर फार विसंबू नका, दोन्ही प्रकारचे ट्रेलर सारखेच दिसतात. पहिली वीस मिनिटं बघा. तेवढ्यात दोन मारामाऱ्या होऊन गेल्या आणि नायकाला नेमकं काय हवंय हे तुम्हाला शेजाऱ्याला सांगता येत नसेल, तर बंद करायला हरकत नाही.

आणि सवडीचा एखादा दिवस मिळाला तर अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन समुराई’ (1954) घ्या. त्यात दरोडेखोरांपासून गाव वाचवायला आलेले समुराई लढाईआधी गावाचा नकाशा काढतात, शिरायच्या वाटा ठरवतात. दरोडेखोर चाळीस. समुराईंचा म्होरक्या कांबेई कागदावर तेवढी वर्तुळं काढतो आणि एकेक मेला की एकेकावर काट मारतो. शेवटच्या पावसात, चिखलात घोडे घुसतात तेव्हा किती उरलेत हे आपल्याला माहीत असतं, म्हणून प्रत्येक घोड्यागणिक छाती धडधडते. 207 मिनिटांचा आहे, त्यामुळे दुपारीच सुरू करा.