नवे लेखक, जुने लेखक, एकच माईक : वाचनाच्या कार्यक्रमाचा अनुभव (५ पैकी ४)

तीनदा श्रोता म्हणून गेले होते, या वेळी वाचायला गेले, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. कार्यक्रम साधा आहे, तीन विद्यार्थी लेखक, तीन नाव झालेले लेखक, प्रत्येकाला सात मिनिटं, आणि क्रम आलटून पालटून. आधी एक विद्यार्थी, मग एक मोठे लेखक, मग परत विद्यार्थी. वाचताना किरकोळ वाटेल पण माझ्या मते सगळा कार्यक्रम या एका गोष्टीवर उभा आहे. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच उरकून घेतात, तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात, फोन सायलेंटवर टाकत असतात, आणि हॉल भरतो तोवर मुलं वाचून खाली उतरलेली असतात. मी अशा एका ठिकाणी आधी वाचलंय, माझी कविता संपेपर्यंत दार चार वेळा उघडलं आणि प्रत्येक वेळी सगळ्या माना तिकडे वळल्या. इथे माझा नंबर तिसरा होता. माझ्या आधी एका कादंबरीकार बाईंनी वाचलं, ज्यांची पुस्तकं मी लायब्ररीतून दोन-दोनदा आणलीयेत, आणि त्या खाली बसल्या तेव्हा हॉल इतका शांत होता की मला काहीच मिळवावं लागलं नाही, ते लक्ष मला आयतं मिळालं. हे मी विसरणार नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे आदल्या दिवशीची रिहर्सल. ती सक्तीची आहे आणि तशीच असावी. माझी कथा बावीसशे शब्दांची, मला वाटलेलं भराभर वाचलं की बसेल. घेणाऱ्या मॅडमनी सरळ हिशोब मांडला, समोरच्याला नीट कळेल असं वाचायचं तर मिनिटाला साधारण १३० शब्द, म्हणजे सात मिनिटांत नऊशेच्या आसपास, आणि कविता असेल तर त्याहून कमी कारण ओळीनंतर थांबावं लागतं. मग कापाकापी. तेव्हा कळलं की डोळ्यांनी वाचताना चालणाऱ्या कितीतरी गोष्टी कानाला चालत नाहीत, ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही ना. माझ्या कथेत दोन बहिणी, दोघींची नावं एकाच अक्षराने सुरू होणारी, कागदावर कधी कोणाला अडचण आली नव्हती पण ऐकणाऱ्यांचा दुसऱ्या मिनिटालाच गोंधळ झाला. संवादात कोण बोलतंय ते अवतरणचिन्हांवर सोडलेलं, आता अवतरणचिन्ह ऐकू कसं येणार! एक नाव बदललं, चार ठिकाणी ‘ती म्हणाली’ घातलं, मधला फ्लॅशबॅक अख्खा काढला, आणि खरं सांगते कथा जास्त चांगली झाली, आता ती तशीच ठेवलीये.

मॅडमनी इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं उदाहरण दिलं. त्याने १८५८ पासून तिकीट लावून जाहीर वाचनं केली आणि त्यासाठी स्वतःच्या पुस्तकांच्या वेगळ्या वाचनप्रती ठेवल्या होत्या, त्यात परिच्छेदच्या परिच्छेद खोडलेले आणि मार्जिनमध्ये सूर कसा लावायचा याच्या सूचना. इतका गाजलेला लेखक छापलेल्या मजकुरावर पेन चालवतो तर आपण कोण.

बारीकसारीक गोष्टीही नीट शिकवल्या. माईक तोंडासमोर धरायचा नाही, थोडा बाजूला, नाहीतर प, फ, भ आले की स्पीकरमध्ये फट् होतं. मोठ्या अक्षरात प्रिंट, कागदाच्या एकाच बाजूला, स्टेपल न करता, आणि पान उलटताना वाक्य तुटू द्यायचं नाही. फोनवरून वाचू नका, मधेच स्क्रीन बंद होते.

आणि मोठे लेखक. त्यांना म्हणे आधीच सांगितलेलं असतं की शक्यतो अजून न छापलेलं वाचा. एका कथालेखकांनी खरंच अर्धवट मसुदा आणला होता, वाचता वाचता एका वाक्यावर अडखळले, परत वाचलं, खिशातून पेन काढून तिथल्या तिथे खूण केली आणि पुढे गेले. माझ्या शेजारी बसलेला फर्स्ट इयरचा मुलगा नुसता बघत राहिला. असं काही वर्गात बघायला मिळत नाही.

यावरून एक जुनं उदाहरण आठवलं, १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरी या कलादालनात एक गाजलेलं कवितावाचन झालं, तिथे सूत्रसंचालन पन्नाशीला आलेला कवी केनेथ रेक्सरॉथ याने केलं होतं आणि वाचणारे पाचही कवी त्याच्याहून बरेच तरुण, त्यातल्या मायकल मॅक्क्लूरचं तर ते पहिलंच जाहीर वाचन, वय २२. जुन्याने नव्याला असं उभं करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता एक स्टार का कापला ते. एक ज्येष्ठ लेखक सात मिनिटांऐवजी सोळा मिनिटं बोलले, त्यातली निम्मी प्रस्तावना, आणि त्यांना कोणी थांबवलं नाही, शेवटच्या मुलीला मात्र पाच मिनिटांतच उरका म्हणून खूण केली. वेळ सारखी म्हणता तर घंटा सगळ्यांना वाजवा. तिने रात्र रात्र जागून बसवलेली शेवटची कविता वाचायची राहिली, मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. ओळख करून देतानाही तेच, मोठ्यांचे पुरस्कार दोन-तीन मिनिटं आणि आमच्यासाठी फक्त ‘आपली विद्यार्थिनी’, काय लिहिते, कशावर लिहिते, एक शब्द नाही. शेवटच्या प्रश्नोत्तरांतले सगळे प्रश्नही मोठ्यांनाच गेले, सूत्रसंचालकाने एक प्रश्न मुद्दाम विद्यार्थ्यांकडे वळवला असता तरी चाललं असतं.

आणि रेकॉर्डिंग. व्हिडिओ नेटवर टाकण्याआधी विचारलं नाही. बरीच मासिकं आणि स्पर्धा अप्रकाशित लेखनच घेतात आणि काही जण नेटवर आलेलं लेखन प्रकाशित धरतात, म्हणजे नवीन लेखकाची एक संधी जाऊ शकते. मी मेल केला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझा भाग काढला आणि पुढच्या वेळेपासून फॉर्ममध्ये परवानगीचा रकाना टाकतो म्हणाले. तुम्ही जाणार असाल तर तो रकाना आहे का बघा, नसेल तर नाव देतानाच लेखी कळवा.