गनस्मोक की सनसेट रायडर्स?

दोन्ही जुने काउबॉय गोळीबाराचे व्हिडिओ गेम; यातला कुठला चांगला, असं बेळगावच्या खडेबाजाराजवळच्या एका व्हिडिओ गेमच्या गाळ्यात लहानपणी नाणी घालवलेल्या माणसाला विचाराल, तर उत्तर आधी भावनेनंच येणार. तरी सांगतो.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'गनस्मोक' १९८५ चा. पडदा आपोआप वर सरकत राहतो, तुम्हाला थांबायची सोयच नाही. खरी गंमत तीन बटणांत आहे: एक डावीकडे तिरकी गोळी मारतं, मधलं सरळ, तिसरं उजवीकडे. मागे वळून गोळी मारताच येत नाही, म्हणून पाठीमागे कुणी राहिला की संपलंच. पिंपं फोडून बूट मिळाले की पाय जलद चालतात, घोडा मिळाला की काही फटके तोच झेलतो. आमच्या गाळ्यात मशीनचं मधलं बटण अडकायचं. मालक म्हणायचा, "बाजूची दोन दाब की रे!" आणि खरंच, दोन्ही एकदम दाबून निभावायचं.

कोनामी या दुसऱ्या जपानी कंपनीचा 'सनसेट रायडर्स' १९९१ चा. आडवा धावणारा, रंगीत, आठही दिशांना गोळी. खेळायला चार पात्रं: बिली आणि स्टीव्हकडे पिस्तुलं, बॉब आणि कोरमानोकडे लांब बंदुका. उधळलेल्या गुरांच्या पाठीवरून पळायचा टप्पा तर लाजवाब! चौघं एकत्र खेळू शकतात, त्यामुळे गणपतीत मुंबई-पुण्याहून आलेली भावंडं जमली की दुसरं काही लावूच नका.

एकट्यानं, पावसाळी रात्री, गोड कुंद्याची वाटी शेजारी ठेवून? मी गनस्मोकच लावतो. अजूनही अंगठा मधल्या बटणाला बिचकतो.