लग्नाची व्हीएचएस कॅसेट: घरी कॉम्प्युटरवर उतरवावी की स्टुडिओत द्यावी?

दोन-तीनच कॅसेटी असतील तर सरळ स्टुडिओत द्या. कॅसेट द्यायची, पेनड्राइव्ह आणायचा. फितीवर पांढरी बुरशी दिसली, आणि कोकणातल्या दमट हवेत ती बऱ्याचदा दिसते, तर घरच्या व्हीसीआरमध्ये ती कॅसेट मुळीच घालू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या कॅसेटींनाही लागते.

घरी करायचं तर चालू व्हीसीआर मिळवणं हीच खरी अडचण. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे जुनाच शोधावा लागतो. पुढचं सोपं आहे: यूएसबी कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं उपकरण), पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी, सॉफ्टवेअरमध्ये 'पाल' (आपल्याकडची टीव्ही-व्हिडिओची पद्धत) निवडायचं, चित्राचा आकार ७२० बाय ५७६ पिक्सेल. मात्र तीन तासांच्या कॅसेटला पूर्ण तीन तास लागतात, घाई चालत नाही.

पण ते तीन तास वाया जात नाहीत. आजी शेजारी बसली की पंगतीतली माणसं ओळखून सांगते आणि ती नावं तिथल्या तिथे लिहून घेता येतात. हे कुठल्याच स्टुडिओत होणार नाही. म्हणून दहा-पंधरा धडधाकट कॅसेटी असतील तर मी घरीच करेन. स्टुडिओत दिल्या तरी मूळ कॅसेटी आठवणीने परत घ्या.