पॉवर प्रेससाठी लाइट कर्टन : वस्तू चांगली, पण आधी क्लच बघा

भोसरी-चाकणकडच्या लहान प्रेस शॉपमध्ये हल्ली लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा, सर्रास दिसतो. गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट ठरलं की दोन पिवळे खांब बसतात, हिरवा दिवा लागतो, फोटो मेलवर जातो. टाइप 4 चा (सुरक्षेची सगळ्यात वरची श्रेणी), 14 मिमी रिझोल्यूशनचा (एवढी बारीक वस्तूही पकडणारा) कर्टन वस्तू म्हणून भरवशाचा आहे, आणि नावाजलेल्या ब्रँडमध्ये डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. घोळ असतो तो बसवण्यात.

पहिली गोष्ट, चावी क्लचच्या (मोटरने फिरणारं जड फ्लायव्हील क्रँकला चावीने जोडणाऱ्या) जुन्या सी-फ्रेम प्रेससाठी हा घेऊच नका. पेडल दाबून चावी एकदा अडकली की क्रँकचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) थांबत नाही. मध्येच हात गेला तर कर्टन सिग्नल देईल, पॅनेल मोटर बंद करेल, आणि फ्लायव्हीलमधला जोर तरीही स्ट्रोक पुरा करेल. शिवाय चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली की असा प्रेस पेडलला पाय न लावता दुसरा स्ट्रोक मारतो, नेमका जॉब (घडवलेला पत्रा) काढायला हात आत असताना. अशा प्रेसला डायभोवती (साच्याभोवती) फिक्स गार्डच हवा. ब्लँक (कापलेला पत्रा) सरकवायची फट 6 मिमीपर्यंत आणि गार्डपासून पंच निदान 10 मिमी आत. जॉब जाड असेल तर स्लाइड फीड (बाहेर ठेवून आत सरकवणारी पट्टी) करा. ऑडिटवाल्याला कर्टनच हवा असेल तर त्याला क्लच उघडून दाखवा.

न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरच्या) क्लच-ब्रेकचा प्रेस कुठेही थांबवता येतो, तिथे कर्टन खरा कामाला येतो. पण डायपासून किती लांब? हात सेकंदाला 2000 मिमी वेगाने येतो असं धरून आयएसओ 13855 या मानकात हिशेब दिला आहे. समजा रॅम थांबायला 180 मिलिसेकंद, कर्टनला 15 आणि सिग्नल पुढे नेणाऱ्या रिलेला 20 लागतात. एकूण 215, म्हणजे 14 मिमीचा कर्टन डायपासून 430 मिमी दूर हवा. स्वस्तात पडतो म्हणून 30 मिमीचा घेतलात तर त्यात 128 मिमीची भर पडते. बेरीज 500 च्या वर गेली की 1600 च्या वेगाने पुन्हा हिशेब करतात, पण उत्तर 500 च्या खाली धरता येत नाही. म्हणजे अर्धा मीटर. ऑपरेटर तेवढा वाकून जॉब ठेवणार नाही. दोन दिवसांत खांब पुढे सरकतात किंवा कर्टन बंद ठेवायची बायपासची चावी पॅनेलला कायमची लटकते. रिझोल्यूशनमध्ये काटकसर नको ती यासाठी.

या हिशेबातला 180 चा आकडा प्रेसवर स्टॉप-टाइम मीटर लावूनच काढायचा; कॅटलॉगमध्ये असतो तो कर्टनचा वेळ, प्रेसचा नाही. शिवाय तो आकडा वाढत जातो. ब्रेक लायनरवर तेल आलं, लायनर झिजला, क्लचच्या हवेचा सायलेन्सर चोंदून हवा बाहेर पडायला उशीर झाला, की 180 चे 230 होतात. खांब तिथेच, दिवा हिरवाच, आणि 430 ऐवजी आता 500 हवं असलेलं अंतर 70 मिमीने कमी पडलेलं. लायनर बदलला किंवा डाय जड झाली की पुन्हा मोजा.

क्लचच्या हवेसाठी साधा एकेरी सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठेवून कर्टन जोडलेला असेल तर ते काम अर्धवट समजा. स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) अडकला की कर्टनने कितीही सांगितलं तरी हवा सुटत नाही. एकमेकांवर नजर ठेवणारा डबल व्हॉल्व्ह हवा आणि कर्टनचे दोन्ही आउटपुट सेफ्टी रिलेत वेगवेगळे जायला हवेत. आणखी एक चोरजागा म्हणजे म्यूटिंगचा कॅम (क्रँकबरोबर फिरून कर्टन गप्प करणारी चकती). रॅम वर जाताना जॉब काढता यावा म्हणून कर्टन तेवढ्यापुरता गप्प करतात. कॅमचा स्क्रू ढिला होऊन तो फिरला, तर रॅम खाली येत असतानाच कर्टन गप्प बसतो. स्क्रूवर रंगाची खूण करून ठेवा.

शिफ्टच्या सुरुवातीला 14 मिमीची टेस्ट रॉड दोन्ही खांबांना चिकटून आणि मधोमध, वरून खाली सावकाश फिरवा. रॉड आत असेतो दिवा एकदाही हिरवा होता कामा नये. मध्येच लुकलुकला तर बहुधा जवळच्या चकचकीत शीटवरून किरण परततोय. रॅम चालू असताना रॉड घालूनही एकदा बघा. काचेवर तेलाची वाफ बसली की प्रेस उगाच थांबतो आणि ऑपरेटर वैतागतो. मऊ फडकं हाताशी ठेवा, थिनर नको.

बाजू आणि मागचा भाग कर्टन झाकत नाही, तिथे जाळी लागतेच. तुटून उडालेला पंच तो अडवत नाही. डाय सेटिंगच्या वेळी त्याच्यावर विसंबू नका. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरतं, म्हणून ते थांबू द्या आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा.

हे सगळं धरून खर्च कर्टनच्या किमतीच्या बराच वर जातो, तिथे मालक कचरतात. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली असं धरत, अंगठ्याला 30. तर्जनीशिवाय शीट उचलणाऱ्याचं काम 14 टक्केच अडतं का, ते शॉपवर जाऊन विचारावं.

कोटेशन मागवताना स्टॉप-टाइमचा छापील रिपोर्ट, डबल व्हॉल्व्ह, बाजूच्या जाळ्या आणि टेस्ट रॉड या चार ओळी वेगळ्या लिहून घ्या. फिटरकडे मीटरच नसेल तर त्याच्याकडून खांब घ्या, बसवून घेऊ नका.